जे मी घरात सांगितलं नाही

काळी फिल्म

डॉक्टरांनी खिडकीपाशी जाऊन काळी फिल्म उजेडात धरली आणि बोट ठेवून मला दाखवलं. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी पोकळी होती. मी सुतार आहे. फळी आतून पोखरलेली असली तर बाहेरून हातोडी वाजवून मला सांगता येतं. माझ्या स्वतःच्या छातीतलं मात्र चार महिने मला कळलं नव्हतं. खोकला होता, दिवस कलला की अंग कढत व्हायचं, कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. इथलं पाणी मानवत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "दीड वर्ष औषध घ्यावं लागेल. मधे सोडायचं नाही."

हे झालं आफ्रिकेत, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी, मिशनच्या एका दवाखान्यात. मी विजयदुर्गचा. आमच्या घरात मचवे बांधायचं काम. बंदरातलं काम कमी होत गेलं तेव्हा मोंबासात असलेल्या एका नातेवाइकाने मला बोलावून घेतलं. माझी मुलगी तेव्हा चाळीस दिवसांची होती. बायको, जैनब, तिला घेऊन धक्क्यापर्यंत आली होती. मुलगी झोपलेली होती, म्हणून मी तिला हात लावला नाही.

फिल्म बघताना माझ्या मनात पहिला विचार मरणाचा आला नाही. हे गावात कळलं तर आमच्या घरी पाणीसुद्धा कुणी पिणार नाही, हा विचार आला. ज्याला असाच विचार पहिल्यांदा आला असेल, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे.

डोंगरावरची माणसं

त्या पर्वताच्या उतारावर शेतकऱ्यांची वस्ती आहे. खालून बघितलं तर नुसती केळ दिसते, आत शिरलं की केळीच्या सावलीत कॉफीची झाडं, मधे गवताने शाकारलेली घरं, आणि वरच्या ओढ्यातून काढलेले पाट. आपल्याकडे पोफळीच्या बागेत पाण्याच्या पाळ्या असतात तशा तिथेही. कुणाचं पाणी किती वेळ, हे ठरलेलं. त्यावरून भांडणंही आपल्यासारखीच. त्या लोकांनी कॉफी ठेवायला मोठं गुदाम बांधायला काढलं होतं आणि त्याचं छप्पर करायला मी मोंबासाहून तिथे आलो होतो. कारागिराला तिकडे फुंडी म्हणतात. मला माझ्या नावाने, इस्माईल म्हणून, तिथे कुणी हाक मारली नाही.

मी राहायचो एका विधवा बाईच्या घरी. तिकडे आईला 'मामा' म्हणतात आणि बाईला तिच्या मुलाच्या नावाने ओळखतात. तिच्या दहा वर्षांच्या मुलीचं नाव ऐका, म्हणून ती मामा ऐका. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ आभार. आपल्या भाषेतला अर्थ मी सांगितला तेव्हा ती पोर खूप हसली, कारण ती कुणाचंच ऐकत नसे. घरात आणखी मामा ऐकाचे सासरे होते. त्यांना सगळे बाबू, म्हणजे आजोबा, म्हणत. त्या भागातल्या पाटाच्या पाळ्या तेच ठरवायचे.

गुदामाच्या वाशावर बसलेलो असताना मला उबळ आली आणि समोरच्या नव्या लाकडावर रक्त पडलं. मी ते रंध्याने तासून टाकलं. पण खाली कॉफीच्या फळांची टोपली घेऊन मामा ऐका उभी होती. तिने वर बघितलं आणि टोपली खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनेच मला दवाखान्यात नेलं. डोंगर उतरताना ती पुढे, मी मागे. वाटेत ती एकदाच बोलली. "ऐकाचा बाप असाच लपवत होता," ती म्हणाली. "मी रक्त धुवायचे आणि तो म्हणायचा, दात दुखतोय."

वॉर्ड

दोन महिने मी वॉर्डात होतो. पहाटे ताप बघायचा, मग सुई, मग मूठभर गोळ्या. शिवाय एक पावडर, इतकी कडू की नाक दाबून गिळावी लागायची. दुपारी सक्तीने पडून राहायचं. बोलायचं नाही, हसायचंही नाही. व्हरांड्यात ओळीने खाटा, समोर तो पर्वत, माथ्यावर बर्फ. खाट रिकामी झाली की तिच्यावरची गादी उन्हात टाकायचे. व्हरांड्यातून कुठल्या खाटेची गादी बाहेर आली ते दिसायचं. आम्ही कुणी कुणाला विचारायचो नाही.

मला तिथे पुरतील कसे, याची मला फार धास्ती होती. आमच्या रिवाजाची माणसं त्या उतारावर नव्हती. बाबू एकदा भेटायला आले. काठीवर हनुवटी टेकून बसले आणि त्यांनीच विचारलं, "तुम्हा लोकांत माणसाला कसं ठेवतात?" मी सांगितलं. कुठल्या दिशेला तोंड करायचं तेही हाताने दाखवलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "लक्षात ठेवतो," म्हणाले. त्या म्हाताऱ्याचा मला राग आला होता, आणि त्याच दिवशी कितीतरी दिवसांनी मला दुपारी झोप लागली.

सगळ्यांसमोर

दोन महिन्यांनी खाट दुसऱ्याला हवी होती. डॉक्टर म्हणाले, जवळपास राहणार असाल तर गोळ्या देतो, आठवड्यातून दोनदा कंपाउंडर वर येऊन सुई देईल. पण मला ठेवणार कोण? त्यावर वस्तीची बैठक बसली. मी लांब एका दगडावर बसलो होतो. एक जण उघड म्हणाला, "परका माणूस आहे, खाली शहरात पाठवा. आमच्या पोरांना कशाला?" त्याचं चुकलं, असं आजही मला वाटत नाही.

मामा ऐका उभी राहिली. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याची छाती आजारी आहे. हे मी सगळ्यांना सांगते. तो माझ्या बागेच्या कडेच्या खोपटात राहील. त्याचं भांडं वेगळं. पोरांनी आत जायचं नाही. वाटेवरून बोलायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर सभेत माझं दुखणं त्या बाईने सांगितलं होतं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पण तिसऱ्या दिवसापासून खोपटासमोरच्या वाटेवरून जाणारं माणूस थांबायला लागलं. पाठीवर गवताचा भारा घेतलेल्या बायका, कुदळ घेऊन पाट उपसायला निघालेले पुरुष, सगळे दहा हात लांब उभे राहायचे आणि म्हणायचे, "पोले, फुंडी." पोले म्हणजे, तुझं दुखतंय ते आम्हाला कळतंय. ज्याने बैठकीत विरोध केला होता तो रोज दूध आणून दगडावर ठेवायचा. ऐका वाटेवर उभी राहून मला शाळेतले पाढे म्हणून दाखवायची आणि मी आतून चुका काढायचो.

चार महिन्यांत माझं वजन वाढलं. खोकला थांबला. ताप गेला. आणि इथेच माझ्या हातून चूक घडली.

घरून पत्र आलं. जैनबला लिहिता येत नाही, शेजारच्याकडून लिहून घेतलेलं. मुलगी आता घडाघडा बोलते. भिंतीवरच्या फोटोला रोज विचारते, बा कवा येतलो? मी ते पत्र घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "तुम्हाला बरं वाटतंय, तुम्ही बरे झालेला नाही. आणखी वर्षभर तरी थांबा." मी बोटीचं ठरवलं.

मामा ऐकाला सांगितलं तेव्हा ती कॉफीची फळं निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुझी मुलगी वर्षानेही तिथेच असेल," ती म्हणाली.

"मी तिला चाळीस दिवसांची पाहिली, तेवढीच," मी म्हणालो.

तिने एक कच्चं फळ बाजूला टाकलं. मग म्हणाली, "घरी पोचल्यावर सांगशील ना?"

मी हो म्हटलं.

दोन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांचा कागद मला दिला होता. बोटीवर मी तो कागद कुणाला दाखवला नाही. दाखवला असता तर चढू दिलं नसतं.

बारा दिवस

मुंबईहून आगबोटीने विजयदुर्गला उतरलो. होडीतून धक्क्याला लागताना आई दिसली, तिच्या मागे जैनब, आणि जैनबच्या पदराला धरून ती. तीन वर्षांची. माझ्यासारखंच कपाळ. मी हात पुढे केले तर ती किंचाळून जैनबच्या मागे गेली.

"बा तुजो," जैनब तिला म्हणाली. "जा गो."

"ह्यो नाय," ती म्हणाली. "बा फोटोत आसा."

घरी पोचल्यावर सांगायचं, असं मी बोटीवर पाठ करून ठेवलं होतं. उंबऱ्यात आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बारीक झालंस रे झिला. थंयसर दुखणां-बिखणां नाय ना येवक?"

"मलेरिया झालेलो," मी म्हणालो. "आता बरो आसंय."

एवढंच. तेव्हा सांगितलं असतं तर मला माडाखालच्या खोपीत राहावं लागलं असतं, आणि मुलगी लांब उभी राहिली असती. तीन वर्षं मी जिच्यासाठी परमुलखात काढली ती माझ्याजवळ यायच्या आधीच मी तिला लांब कसं करायचं? थोडे दिवस जाऊ देत. गोळ्या चालूच आहेत. खोकला नाही. असा माझा हिशेब. कागद मी हत्यारांच्या पेटीत, करवतीखाली ठेवला. गोळ्या ताकदीच्या आहेत असं सांगितलं.

बारा दिवस ती माझ्याजवळ आली नाही. तेराव्या दिवशी मी अंगणात तिच्यासाठी लाकडाची होडी तासत होतो. ती हळूहळू सरकत आली आणि पडलेल्या ढलप्या वेचायला लागली. मग माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. त्यानंतर ती मला सोडीना. दुपारी जेवून मी पडलो की ती येऊन माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपायची. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास असायचा. तेवढे दिवस मी सुखी होतो. हे लिहायला मला लाज वाटते, पण होतो.

गोळ्या संपल्या. आपल्या भागात त्या कुठे मिळतील हे विचारायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. तीन आठवड्यांनी खोकला परत आला.

"खोकतास कित्याक?" जैनबने विचारलं.

"लाकडाची धूळ," मी म्हणालो. "लागतां घशाक."

तिने मला आल्याचा रस करून दिला. मुलगी माझ्याच कपातून थोडा प्यायली.

तळेऱ्याचा दवाखाना

आधी मुलगी नुसती किरकिर करायला लागली. खेळेना. उजेड नको म्हणायची. मग ताप, मग उलट्या. आईने नजर काढली, दर्ग्यावर नवस बोलली. आठवडा गेला. एका सकाळी जैनबने न्हाऊ घालताना तिची मान वाकवली तर ती ओरडली आणि मान वाकेना. आम्ही तिला घेऊन एस. टी.ने तळेऱ्याला गेलो. तिथे तिठ्यापासून जवळ एक डॉक्टर होते, दोन खाटांचा दवाखाना होता.

डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. मग पेन हातात घेऊन त्यांनी विचारलं, "घरात कुणाला जुना खोकला आहे? क्षयाचं दुखणं कुणाला?"

जैनब मांडीवर मुलीला घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, संशयाने नाही, नुसतं, उत्तर पुरुषाने द्यायचं म्हणून. बाकावर आणखी चार माणसं होती. त्यातला एक आमच्या गावचा.

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांना एकट्याला गाठून सांगू, असं मी त्याच क्षणी ठरवलं होतं. पण तो दिवस गेला, दुसराही गेला. प्रत्येक वेळी जैनब तिथे असायची, किंवा कंपाउंडर, किंवा माझी जीभच उचलायची नाही. डॉक्टर तापाचं औषध देत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा एक डोळा आत वळला. मी हाक मारली तर तिने माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलं नाही.

डॉक्टर मागच्या विहिरीवर हात धूत होते. मी तिथे गेलो आणि सगळं सांगितलं. फिल्म, गोळ्या, कागद. ते ऐकत राहिले. हात पुसून झाले तरी पुसत राहिले.

"परवा मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"हो काय?" एवढंच म्हणून ते आत गेले. त्यांनी लगेच कोल्हापूरला माणूस धाडला. इंजेक्शनं दुसऱ्या दिवशी दुपारी फोंडाघाटाच्या मोटारीने आली. ती देताना मुलगी रडली नाही, याचं मला बरं वाटलं आणि डॉक्टरांचा चेहरा बघून काय समजायचं ते समजलं.

सहाव्या दिवशी भर दुपारी ती गेली. बाहेर देवगडची गाडी सुटत होती, माणसं हाका मारत होती. जैनबचा हात तिच्या पोटावर होता. बराच वेळ ती हात काढेना. तिला वाटत होतं, अजून हलतंय.

मुलीला आम्ही घरी आणलं. मातीच्या वेळी मला कबरीत उतरू दिलं नाही, कारण मी तोवर उभ्या उभ्या रक्त ओकलो होतो. गावाने ते दुःखाने झालं असं मानलं. जैनबनेही तसंच मानलं. मी मानू दिलं.

पुढे मी त्या डॉक्टरांना पत्राने विचारलं, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती जगली असती का. त्यांचं उत्तर आलं, सांगता येत नाही. त्या तीन शब्दांवर मी किती दिवस काढले ते मलाच माहीत. कधी वाटतं त्यांनी दया केली. कधी वाटतं शिक्षा केली.

घाटापलीकडे

मला घाटापलीकडे क्षयाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. औषध मधेच सोडल्यामुळे पहिल्या गोळ्या आता लागू पडत नव्हत्या. अडीच वर्षं तिथे गेली. पाच फासळ्या काढल्या. माझा उजवा खांदा तेव्हापासून खाली आहे. पुन्हा तेच सगळं, ताप, सुई, गोळ्या, उन्हात टाकलेल्या गाद्या. फरक इतकाच की आता मला बरं व्हायचं नव्हतं. गोळ्या उशीखाली साठवायला लागलो होतो.

शेजारच्या खाटेवर फोंड्याचे एक गुरुजी होते. शांत माणूस. मला चांगलं मराठी लिहायला त्यांनी शिकवलं, पाटीवर बाळबोध अक्षर काढून. त्यांना माझ्या उशीखालच्या गोळ्या सापडल्या. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "हे कुणाची भरपाई म्हणून?"

मी त्यांना सांगितलं. जगात डॉक्टरांनंतर ते दुसरे.

गुरुजी म्हणाले, "बायकोला माहीत आहे?"

"नाही. पत्र लिहू का?"

"पत्र दुसरा कुणी वाचून दाखवणार. तिच्या तोंडावर सांगा. तिला तुमच्यावर ओरडायची सोय असू द्या."

जैनब मला भेटायला आली ती दोन गाड्या बदलून, एकटी. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याची किसमूर. आवारात कडुलिंबाखाली बाक होता. तिने डबा उघडला आणि मी तो बंद केला.

"माका आधीच म्हायत होतां," मी म्हणालो.

"काय?"

"ह्यां दुखणां. आफ्रिकेतच कळलेलां."

तिला आधी समजलंच नाही. मग तिचे डोळे माझ्या तोंडावर थांबले. "डॉक्टरान इचारल्यान, तेवा?"

"तेवाय म्हायत होतां."

"आणि पोर तुमच्या छातीर निजायची, तेवा?"

"होय."

ती ओरडली नाही. गुरुजींनी म्हटलेली सोय तिने वापरली नाही. डबा बाकावर तसाच ठेवून ती उठली, पदर सारखा केला आणि फाटकाकडे चालत गेली. चालताना एकदा तिने झाडाला हात लावून आधार घेतला. मागे वळली नाही. पुढे चौदा महिने तिचं पत्र नाही की निरोप नाही.

त्या दिवसापासून मी गोळ्या गिळायला लागलो. कारण मला नीट सांगता येत नाही. मी मेलो असतो तर तिला शिव्या द्यायलाही कुणी उरलं नसतं, असं काहीसं मनात होतं.

परत

बरा होऊन घरी आलो तर जैनब घरातच होती. मला वाटलं होतं माहेरी गेली असेल. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "मी आयेसाठी रवलंय. तुमच्यासाठी नाय."

"बरां," मी म्हणालो.

पहिल्या आठवड्यात मी दोघींना कोल्हापूरला नेऊन फिल्म काढून आणल्या. जैनबची स्वच्छ होती, आईचीही. डॉक्टर ते सांगत होते तेव्हा मला खुर्चीवर बसवावं लागलं. जैनबने मला पाणी आणून दिलं. इतक्या दिवसांत तिने माझ्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट.

त्यानंतरची वर्षं मी लांबवर सांगत नाही. एका घरात दोन माणसं कामापुरतं बोलत होती. आई गेली, तेव्हाही जैनब राहिली. का राहिली ते मी विचारलं नाही. एकदा मी आजारी पडलो, साधा ताप, तर ती दारात उभी राहून म्हणाली, "खरां सांगा. काय जाता?" मी तिला सगळं सांगितलं, कुठे दुखतं, किती वेळ, थुंकी कशी आहे. तिने एकेक गोष्ट विचारून घेतली. आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं म्हणायला हरकत नाही. अजूनही आमच्यात नवराबायकोचं बोलणं म्हणजे बहुधा तेच. ती विचारते आणि मी खरं सांगतो.

ज्यांना हे दुखणं झालं आहे त्यांना मला फार थोडं सांगायचं आहे. बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. घरच्यांना त्याच दिवशी सांगा, उद्यावर ढकलू नका. मी रोज उद्यावर ढकललं. डॉक्टरांनी विचारलं तर बाकावर कोण बसलं आहे ते बघू नका. लाज दोन दिवस जाळते. तिच्यामुळे जे होतं ते जन्मभर.

हे लिहून झाल्यावर मी जैनबला वाचून दाखवलं. ती घरासमोरच्या खळ्यात बसून कोकमाची सोलं सुकत घालत होती. मी वाचत असताना तिचे हात थांबले नाहीत. तळेऱ्याच्या भागाला मात्र थांबले. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "ह्यां लोकांका वाचूक देतलास?"

"तू नको म्हटलंस तर नाय."

तिने लाल झालेली बोटं पाण्यात बुडवली, पदराला पुसली. "त्या आफ्रिकेतल्या पोरीचां नाव आसा ह्यात," ती म्हणाली. "माज्या पोरीचां खंय आसा?"

मी कागद चाळले, जसं काही मला माहीत नव्हतं. कुठेच नव्हतं. एवढी वर्षं या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं, आणि लिहिताना माझा हात प्रत्येक वेळी 'मुलगी' म्हणून पुढे सरकला होता.

"लिवा," जैनब म्हणाली आणि मी लिहीपर्यंत समोर बसून राहिली.

रुकय्या. घरात आम्ही तिला रुकी म्हणायचो.